शेणखत की पोत्यातलं खत? आधी किलोचा हिशोब मांडा

एका शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला दोन एकर लाल जमीन. एका एकरात सुरू ऊस (हिवाळ्याच्या शेवटी लावायचा), दुसऱ्यात पावसाळ्यात सोयाबीन नाहीतर बटाटा. गोठ्यात दोन म्हशी, परड्यात भाजी, गच्चीवर कुंड्या. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या अथणीचे पाव्हणे म्हणतात, युरियानं जमीन मेली, सगळी पोती बंद करा आणि जीवामृतावर (शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या पाण्यावर) या. खताचा दुकानदार म्हणतो, नुसत्या शेणखतावर ऊस उभा राहत नाही. मग रासायनिक खत पूर्ण सोडावं का?

यंदा पूर्ण सोडू नका. पण युरिया या वर्षीच जवळपास चौथ्या हिश्श्यानं कमी करता येईल, आणि गोठा, पाचट (उसाचा वाळलेला पाला), ताग (हिरवळीचं खत म्हणून गाडायचं पीक) यांची सोय नीट लागली तर पुढच्या वर्षांत आणखी कमी होईल. दुसरं, अथणीचा सल्ला तुमच्या रानाला जसाच्या तसा लावू नका. तिकडची काळी चुनखडीची माती आणि तुमची लाल, आम्लाकडे झुकलेली माती यांत खतं अगदी वेगळी वागतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. आधी वजनाचा हिशोब.

दोन म्हशींचं ताजं शेण दिवसाला मिळून साधारण २५ किलो धरा. वर्षाचं नऊ टन. कुजताना निम्मं वजन कमी होतं, म्हणजे हातात पाच टनांच्या आतबाहेर खत येतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) अर्धा टक्का, स्फुरद (फॉस्फरस) ०.२ टक्का आणि पालाश (पोटॅश) अर्धा टक्का असतो. पाच टनांत झाले नत्र २५ किलो, स्फुरद १० किलो, पालाश २५ किलो. हे सगळं पहिल्याच पिकाला मिळत नाही. नत्रातला साधारण ३० टक्के भाग पहिल्या हंगामात सुटतो, स्फुरदातला ६० टक्के, पालाशातला ७५ टक्के. म्हणजे यंदाच्या पिकाच्या वाट्याला नत्र ८ किलो, स्फुरद ६ किलो, पालाश १९ किलो.

सुरू उसाची गरज एकरी १०० किलो नत्र, ४६ किलो स्फुरद आणि ४६ किलो पालाश अशी धरतात. तो १०० किलो नत्र पहिल्या वर्षी एकट्या शेणखतातून द्यायचा तर एकरी ६५ टनांहून जास्त खत लागेल. दोन म्हशींच्या गोठ्यात ते होणं नाही, आणि विकत घ्यायचं म्हटलं तर ट्रॅक्टरचं भाडंच परवडणार नाही. दरवर्षी न चुकता घालत गेलात तर मागच्या वर्षांचं खतही थोडंथोडं सुटत राहतं आणि ही गरज बरीच खाली येते. पण त्याला वर्षं जावी लागतात. एका झटक्यात पोती बंद करणाऱ्यांचा ऊस पहिल्या दोन वर्षांत पिवळा आणि बारीक पडतो, तो याच कारणानं.

जीवामृताचाही हिशोब करू. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती, हे एका एकराला. यातल्या शेणात, मूत्रात आणि बेसनात मिळून नत्र भरतो पाव किलोच्या आसपास. युरियाच्या एका ४५ किलोच्या पोत्यात तो २०.७ किलो असतो. जीवामृत हे जिवाणूंचं विरजण आहे. रानात कुजायला काही असेल, पाचट असेल, हिरवळीचं खत गाडलेलं असेल, तर त्याचा उपयोग होतो. उघड्या, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन) नसलेल्या रानात ते ओतून नत्राची अपेक्षा ठेवू नका. करायचं असेल तर सावलीत, पिंपाच्या तोंडावर गोणपाट बांधून, दिवसातून दोनदा ढवळून ठेवा. दोन दिवसांनंतर आठवड्याच्या आत, जमिनीत ओल असताना संपवा. सडका वास यायला लागला की ते बिघडलं.

मग शेणखत घालायचंच कशाला? कर्बासाठी. मूळ नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या रूपांत, आणि तो शेणातून आला की पोत्यातून आला याचा मुळाला काही फरक पडत नाही. पण पाणी धरून ठेवणं, मातीचे कण एकत्र बांधणं, लाल मातीत पालाश आणि अमोनियम धरून ठेवणं ही कामं सेंद्रिय कर्बाची आहेत, आणि तो पोत्यातून येत नाही. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ९०० टन असतं. तिच्यातला कर्ब ०.४ टक्क्यावरून ०.५ वर न्यायचा म्हणजे ९०० किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा. पाच टन ओलसर शेणखतात कर्ब असतो ७००-८०० किलो, आणि आपल्या हवामानात त्यातला बराचसा एक-दोन वर्षांत कुजून हवेत जातो. म्हणून एका वर्षाच्या शेणखतानं माती परीक्षणाच्या कार्डावरचा आकडा हलत नाही. एक वर्ष घातलं आणि दोन वर्षं विसरलं तर तो कधीच हलणार नाही.

आता सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं ते सांगतो: गायरीत, म्हणजे शेणाच्या उकिरड्यात. आपल्याकडे शेण उघड्यावर टाकायचं, वर राख, केर, भाताचं तूस टाकायचं आणि मिरगापासून चार महिने पाऊस त्यावर पडू द्यायचा अशी रीत आहे. बेळगावच्या पश्चिमेचा पाऊस त्या ढिगातून तपकिरी पाणी होऊन गटारात जातो. ते तपकिरी पाणी म्हणजे विरघळलेला नत्र आणि पालाश. उरतं ते चोथ्यासारखं खत. वर अर्धा टक्का नत्राचा जो हिशोब केला तो अशा खताला लागू पडत नाही.

खड्डा किंवा ढीग उंचवट्यावर करा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. खड्डा असेल तर दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल पुरतो. याहून खोल नको, तळाला हवा पोहोचत नाही. तळाला सहा इंच पाचट किंवा गवत घाला. त्यावर शेण आणि गोठ्यातला केर यांचे थर, दर थरावर थोडी माती. भरला की वरून शेणमातीनं लिंपा आणि पावसाळ्यात पत्रा किंवा ताडपत्री टाका. ओल किती हवी? मूठभर खत दाबलं की हाताला ओलावा लागावा, पाणी ठिबकू नये. महिन्याने एकदा वरखाली करा. तीन-चार महिन्यांत खत काळपट, भुसभुशीत होतं आणि शेणाचा वास राहत नाही. राख वेगळी ठेवा. राख अल्कधर्मी असते. ती शेणात मिसळली की नत्र अमोनिया होऊन उडतो, नाकाला झोंबणारा वास येतो तो त्याचाच. आणि म्हशींचं मूत्र वाहून जाऊ देऊ नका. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा आणि पालाशाचा मोठा भाग मूत्रात असतो. बांधायच्या जागी पाचटाची कुट्टी किंवा भाताचा पेंढा अंथरून तो भिजला की खड्ड्यात टाकला, एवढ्यानंही खताचा कस बराच वाढतो.

कच्चं शेण रानात ओढू नका. त्यात हुमणीच्या (मुळं कुरतडणाऱ्या किडीच्या) अळ्या आणि तणाचं बी असतं, वाळवी लागते, आणि कुजताना निघणाऱ्या उष्णतेनं कोवळी मुळं जळतात. ऊसपट्ट्यात हुमणी आधीच फार आहे, तिला घरचं आमंत्रण नको. ढीग रानात नेताना अळ्या दिसल्या तर वेचून काढा.

आता तुमच्या एका एकराच्या उसाचं गणित. पाच टन शेणखत सरीत. लागणीनंतर सरीच्या बगलेला तागाचं बी एकरी आठ-दहा किलो टोकून दीड महिन्यात, फुलं धरायच्या बेताला असताना, बाळबांधणीच्या (उसाला पहिली माती लावायच्या) वेळी गाडा. जून झालेला ताग गाडला तर तो लवकर कुजत नाही. या आंतरपिकातून एकरी १५ किलो नत्र धरा, त्याहून जास्त मोजू नका. शेणखताचे ८ आणि तागाचे १५ वजा जाता ७७ किलो नत्र उरतो, म्हणजे युरिया १६७ किलो, पावणेचार पोती. शेणखत आणि ताग नसता तर जवळजवळ पाच पोती लागली असती. स्फुरद ४० किलो उरतो, तो सिंगल सुपर फॉस्फेटच्या पाच पोत्यांतून. पालाश २७ किलो, तो म्युरेट ऑफ पोटॅशच्या ४५ किलोंतून.

सुपर आणि पोटॅश निम्मं लागणीला सरीत, निम्मं मोठ्या बांधणीला (उसाला शेवटची भर लावताना). युरियाचे मात्र चार हप्ते करा: लागणीला १७ किलो, सहा ते आठ आठवड्यांनी ६७, बारा ते सोळा आठवड्यांनी १६, मोठ्या बांधणीला ६७. मोठ्या बांधणीनंतर युरिया बंद. उशिरा दिलेल्या नत्रानं पाला गडद हिरवा दिसतो, डोळ्याला बरं वाटतं, पण साखर उतारा घटतो आणि ऊस लोळतो.

युरिया आणि सुपर एकत्र करायचे तर टाकायच्या वेळीच करा. आदल्या रात्री मिसळून ठेवलं की ओलं, चिकट होऊन बसतं आणि हातातून सुटत नाही.

पहिला ऊस तुटला की पाचट पेटवू नका. जाळल्यावर नत्र, गंधक आणि सगळा कर्ब धुरातून जातो, राखेत राहतो तो थोडा स्फुरद आणि पालाश. त्याऐवजी पाचट एक आड एक सरीत दाबा आणि टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक शेणकाल्यातून शिंपडा. मग पाणी द्या. पाचटाला युरिया कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी असतो. जिवाणू तो कर्ब खायला लागले की स्वतःच्या वाढीसाठी लागणारा नत्र जमिनीतून ओढतात, आणि तेवढे आठवडे खोडवा (तुटलेल्या बुडख्यांतून फुटणारा ऊस) उपाशी राहून पिवळा पडतो. तो आठ किलो युरिया जिवाणूंसाठी असतो. पुढे जिवाणू मेले की तोच नत्र उसाला परत मिळतो. लाकडाचा भुसा किंवा कच्चं तूस कुंडीत मिसळल्यावर रोपं पिवळी पडतात तीही याच कारणानं.

आता मातीतला फरक. बेळगाव जिल्ह्याचा हा सीमाभाग खतांच्या दृष्टीनं एक नाही. कणकुंबीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर अथणीत सहाशेच्या आसपासच. पश्चिमेकडच्या पावसानं हजारो वर्षं चुना आणि इतर क्षार धुऊन नेले, म्हणून खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेची जांभ्याची लाल माती आम्ल आहे. अथणी, रायबाग, चिकोडीच्या पूर्वेकडच्या काळ्या मातीत चुनखडी तशीच राहिली.

काळ्या मातीत युरिया वर फेकून तसाच सोडला की तो अमोनिया होऊन हवेत जातो. माती जितकी अल्कधर्मी आणि वरचा थर जितका ओलसर, उबदार, तितकं हे नुकसान जास्त. म्हणून तिथे युरिया मातीआड करणं आणि लगेच हलकं पाणी देणं हाच खरा उपाय. अमोनियम सल्फेट काळ्या मातीला चालतं, सोबत गंधकही मिळतं, पण तेही मातीआड करूनच द्या. लाल मातीत तुमचा त्रास वेगळा आहे: तिथे नत्र खाली जातो. युरियाचं अमोनियम, अमोनियमचं नायट्रेट झालं की ते मातीला धरून राहत नाही आणि पहिल्या मोठ्या झडीत मुळांच्या खाली, शेवटी विहिरीत उतरतं. तुमच्या रानात मिरगाच्या झडीच्या तोंडावर मोठा हप्ता टाकणं म्हणजे तो वाहून जाऊ देणं. हप्ते लहान ठेवा, पावसाची उघडीप बघून वाफशावर (माती ओलसर पण चिकट नसताना) द्या. २०१५ पासून देशात बनणारा युरिया निंबोळी तेल लावूनच येतो, त्यानं नायट्रेट होण्याचा वेग थोडा मंदावतो. पाच भाग युरियाला एक भाग निंबोळी पेंड रात्रभर मिसळून ठेवली तर आणखी फायदा होतो.

स्फुरदाचं वागणं दोन्हीकडे कंजूषपणाचं आहे, कारणं उलट. लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम तो पकडून ठेवतात, काळ्या मातीत चुना. त्यामुळे स्फुरद कधीही फेकून देऊ नका. कुरीनं (पेरणीच्या अवजारानं) बियाण्याच्या बाजूला, थोडा खाली पेरून द्या, किंवा सुपर शेणखतात मिसळून सरीत घाला. शेणखतातली सेंद्रिय आम्लं तो काही काळ मोकळा ठेवतात. रॉक फॉस्फेट आणि हाडांचा चुरा या दोन खतांबाबत मात्र ठामपणे सांगतो. ती विरघळायला आम्ल लागतं. खानापूरच्या, तुमच्या लाल मातीत ती सावकाश का होईना लागू पडतात. अथणीच्या चुनखडीच्या मातीत वर्षानुवर्षे तशीच पडून राहतात. सेंद्रिय म्हणून तिकडे हाडांचा चुरा विकत घेणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

चुलीची राखही अशीच. लाल मातीत ती पालाश देते आणि आम्लता थोडी कमी करते. काळ्या मातीत तिचं काम नाही. तुम्ही बटाटा लावता, त्या वाफ्यात राखही नको आणि चुनाही नको. मातीचा सामू (pH) वाढला की बटाट्यावर खवले पडणारा खपली रोग वाढतो. कच्च्या शेणानंही तो वाढतो. बटाट्याला खत घालायचं ते पूर्ण कुजलेलं, आणि शक्यतो आधीच्या पिकाला.

युरियानं जमीन मेली, या म्हणण्यात खरं किती? नुसता नत्र देत राहिलं, पाचट दरवर्षी जाळलं आणि सेंद्रिय काही घातलं नाही, तर कर्ब घटतो, हे खरं. तुमच्या लाल मातीत युरिया आणि अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे वापरल्यानं आम्लता वाढते, हेही खरं. तिला उपाय शेतीचा चुना. पण तो माती परीक्षणात सामू बघून, सांगतील तेवढाच, आणि युरिया, डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) किंवा शेणखत घालायच्या दोन-तीन आठवडे आधी. एकत्र घातला तर नत्र उडतो. कृष्णाकाठी जी रानं पांढरी पडली आहेत, त्यांचा मुख्य दोषी मात्र खत नाही. उसाला पाट फोडून दिलेलं बेसुमार पाणी आणि निचरा नसणं, त्यामुळे खालचे क्षार वर आले. तिथे आधी चर काढून निचरा, मग रान चोपण (सोडियम साठून घट्ट झालेलं) असेल तर जिप्सम आणि ताग-धैंचा. चर न काढता नुसतं जीवामृत किंवा नुसती महाग खतं घालून ते रान सुधारणार नाही. अशा खारवट रानात कोंबडीखतही जपून वापरा, त्यातही मीठ असतं.

चुनखडीच्या रानातला खोडवा केवड्यानं पिवळा-पांढरा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती नत्राची नाही, लोहाची कमतरता असते, आणि तिथे युरिया वाढवून काही होत नाही. एकरी दहा किलो फेरस सल्फेट शंभर किलो शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून सरीत द्या. तसंच जमिनीवर फेकलं तर चुना ते लगेच बांधून टाकतो.

सोयाबीनला नत्राची चिंता करू नका. बियाण्याला रायझोबियम (हवेतला नत्र धरणारं जिवाणू खत) चोळा, मुळांवरच्या गाठी पुढचं बघतात. पेरणीला थोडा नत्र पुरे. लोक एक पोतं डीएपी पेरतात, त्यात नऊ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतो. त्याऐवजी तीन पोती सुपर आणि २० किलो युरिया घेतला तर तेवढाच नत्र, तेवढाच स्फुरद आणि वर सोळा किलो गंधक मिळतं. सोयाबीनच्या तेलाला गंधक लागतं. ओढायला जड पडतं, पण दाण्यात फरक दिसतो. गाठी कापून बघा, आतून गुलाबी असतील तर त्या काम करताहेत. हिरवट किंवा पांढऱ्या असतील तर नाहीत.

निपाणीकडे तंबाखूवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एकच गोष्ट: म्युरेट ऑफ पोटॅश वापरू नका. त्यातल्या क्लोराइडनं पानाची जळण्याची प्रत बिघडते. सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडतं, तरी तेच घ्या. खानापूरच्या भातवाल्यांनी पाणी उभं असलेल्या खाचरात नायट्रेटची खतं टाकू नयेत, तिथे तो नत्र वायू होऊन जातो. युरिया किंवा अमोनियम सल्फेट पाणी काढून, चिखलात कालवून द्यावं. बांधावर गिरिपुष्प लावून चिखलणीच्या आधी त्याचा कोवळा पाला खाचरात तुडवला तर एक हप्ता वाचतो.

साखर कारखान्याजवळ असाल तर प्रेसमड (उसाचा रस साफ करताना उरणारा गाळ) मिळतो, आणि तो चांगला आहे: कर्ब, स्फुरद, चुना, थोडा नत्र. पण ताजा घालू नका. त्यात मेण असतं, तो गरम होतो. शेण आणि माती मिसळून दोन-तीन महिने ढीग लावा, मग रानात न्या. कोंबडीखतात नत्र तीन टक्क्यांच्या आसपास असतो. एकरी एक ते दीड टन पुरे, तोही कुजवून. लाल मातीला ते विशेष मानवतं, कारण अंड्यांच्या कोंबड्यांच्या खाद्यातला चुना त्यात उतरतो. गावाच्या कचऱ्यापासून केलेलं खत भाजीला वापरू नका, जोवर त्याचं परीक्षण हातात नाही. काच आणि प्लास्टिक डोळ्याला दिसतं, जड धातू दिसत नाहीत.

वर्मीकंपोस्ट पोत्यानं विकत घेऊन एकराला पुरवू नका. दीड टक्का नत्र आणि किलोला आठ रुपये धरले तरी एक किलो नत्र पाचशे रुपयांहून महाग पडतो. युरियातला तोच नत्र तेरा रुपयांच्या आसपास पडतो. वर्मीकंपोस्टची जागा परड्यात आणि कुंड्यांत आहे, आणि तिथे ते फार चांगलं काम करतं.

परड्यातल्या भाजीला मी पूर्ण सेंद्रियच सांगेन. तिथे गरज लहान आहे आणि गोठा जवळ आहे. दहा फूट बाय दहा फूट वाफ्याला २५ ते ३० किलो कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड, लागणीच्या आधी आठवडाभर मातीत मिसळून. मेथी, कोथिंबीर, मुळा यांना एवढ्यावर युरिया लागत नाही. टोमॅटो, वांगं, मिरचीला फुलं आल्यावर झाडामागे दोन मुठी वर्मीकंपोस्ट आणि चमचाभर राख, माती लाल असेल तरच. कच्च्या खायच्या भाज्यांना ताजं शेण किंवा ताज्या शेणाचं पाणी देऊ नका. शेणातले रोगजंतू मातीतून पानावर येतात. ताजं शेण घातलंच असेल तर तीन-चार महिने त्या वाफ्यात कोथिंबीर नको.

कुंड्यांत मात्र दोन्ही लागतं. बारा इंची कुंडीला दोन भाग लाल माती, एक भाग वर्मीकंपोस्ट किंवा चाळलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. महिन्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वर्मीकंपोस्ट वरच्या मातीत खुरपून द्या. पावसाळ्यात गच्चीवरची कुंडी रोज धुऊन निघते, आणि गुलाब, मिरची, टोमॅटो उपाशी पडतात. तेव्हा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, कुंडीतली माती ओली असताना. कोरड्या मातीत दिलं तर पानांच्या कडा जळतात. डीएपीचे दाणे मोजून पाच-सहा, बुंध्यापासून लांब, आणि युरिया कुंडीत अजिबात नको. चिमूट थोडी मोठी झाली की झाड जातं. कुंडीच्या कडेला पांढरी खरड दिसली तर खत थांबवा आणि कुंडीच्या मापाचं पाणी दोनदा ओतून खालून निघू द्या.

हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. तुमच्या रानाचे काढायला माती तपासा. पीक निघाल्यावर, खत देऊन किमान दोन-तीन महिने झाल्यावर, एप्रिल-मेमध्ये. एकरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीत-दीड वीत खोल, व्हीच्या आकाराचे खड्डे घ्या, कडेची एकसारखी खाप काढा, सगळं घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो ठेवा. बांध, झाडाखालची जागा आणि गायरीजवळची जागा सोडा. ऊस आणि सोयाबीन यांच्या रानांचे नमुने वेगळे. होबळीच्या (तालुक्याच्या खालच्या महसुली विभागाच्या) रैत संपर्क केंद्रात किंवा मत्तिकोप्प, तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. कार्डावर आधी सामू आणि कर्ब बघा. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर शेणखत, पाचट, ताग यांत कसूर नको. स्फुरद भरपूर दाखवत असेल तर सुपरची पोती कमी करा, ते पैसे तसेच वाचतात.

सेंद्रिय गूळ विकायचा विचार असेल तर ती वाट वेगळी आहे. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना पेरणीआधी किमान दोन वर्षं आणि बहुवार्षिक पिकांना तीन वर्षं रसायनाविना काढावी लागतात, आणि त्या काळात उत्पादन घटतं. त्यासाठी आधी तीन-चार वर्षं वर सांगितल्याप्रमाणे कर्ब वाढवा, जनावरं किंवा प्रेसमडची खात्रीची सोय करा, मग अर्ध्या एकरापासून सुरुवात करा.

पोती घेताना पावती घ्या, शिवण बघा, आणि सेंद्रिय खत म्हणून जे पोतं देतील त्यावर नत्र, स्फुरद, पालाश आणि कर्बाचे टक्के छापलेले आहेत का ते वाचा. नसतील तर ते घेऊ नका. डीएपीची शंका आली तर चार दाणे तळहातावर घेऊन तंबाखू मळतात तसे चुन्याबरोबर मळा. अस्सल असेल तर नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो. तव्यावर मंद आचेवर टाकले तर दाणे फुगतात. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो आणि पाणी हाताला गार लागतं. तळाला गाळ राहिला तर ते पोतं परत न्या.